आईस हॉकी आणि छोटी विमानं: फोटो काढताना या चुका टाळा

एकाच आठवड्यात रिंकवर हॉकी आणि धावपट्टीवर छोटी विमानं टिपायला निघालेली हौशी मंडळी मला नेहमी भेटतात. दोन्हीकडे वेग आहे, म्हणून दोन्हीकडे एकच सेटिंग चालेल, असं बहुतेकांनी घरूनच ठरवलेलं असतं. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

थांबलेला पंखा

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. एकदा माझ्याबरोबर धावपट्टीच्या कुंपणाशी एक नवशिका मुलगा उभा होता. आदल्या रात्री त्याने सामना टिपला होता आणि शटर तसंच 1/2000 सेकंदावर होतं. "शटर खाली आण," मी सकाळीच सांगितलं. त्याने 1/125 वर दोन-चार फोटो काढून पाहिले. सगळे हलले. "नको काका, मला शार्पच हवेत," म्हणत तो पुन्हा वर गेला. दुपारी एक पिवळं पायपर कब, म्हणजे नाकावर पंखा (प्रोपेलर) असलेलं छोटं विमान, अगदी खालून, उन्हात चमकत उतरलं. त्याच्या फोटोंत विमानाचा क्रमांक, चाकावरची माती, पायलटचा गॉगल, सगळं स्वच्छ दिसत होतं. पण पंख्याची दोन्ही पाती प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी थिजलेली होती. दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसत होतं ते विमान. असं विमान त्या दिवशी पुन्हा आलं नाही.

हिशोब साधा आहे. पंखा मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 40 झाले. 1/2000 मध्ये पातं जेमतेम 7 अंश सरकतं, 1/125 मध्ये 115 अंश. दोन पात्यांचा पंखा फोटोत पूर्ण धूसर चकतीसारखा दिसायला हवा असेल, तर 1/80 पर्यंत उतरावं लागतं. जमिनीवर हळू चालणाऱ्या विमानाचा पंखा आणखी संथ फिरतो, तिथे 1/60 लावा.

मी आधी 1/250 वर दोन-चार हमखास फोटो घेऊन ठेवतो, मग 1/160, मग 1/125. जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला पाय रोवायचे, कोपरं अंगाशी धरायची, कमरेतून वळायचं आणि बटण दाबून झाल्यावरही विमानामागे कॅमेरा फिरवत राहायचं. यालाच पॅनिंग म्हणतात. लेन्सच्या स्टॅबिलायझरला (हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या सोयीला) पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा. बरेच फोटो फुकट जाणार, ते जाऊ द्या. पहिले चार हलले म्हणून पद्धत सोडणाऱ्याला पॅनिंग कधीच येत नाही.

राखाडी बर्फ

रिंकवर मात्र 1/1000 हवंच. ताशी 160 किलोमीटरने सुटलेला पक (हॉकीची रबरी चकती) तेवढ्या वेळातही साडेचार सेंटीमीटर पुढे जातो, आणि त्याची रुंदी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास. इथली चूक वेगळी आहे, उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबण्याची. समोरचा पांढरा पसारा बघून मीटर उजेड कमी करतं. बर्फ मळकट होतो आणि हेल्मेटखालचे चेहरे काळवंडतात. गडद जर्सीचा खेळाडू फ्रेमभर आला की तेच मीटर उलटं वागतं. एकाच बर्स्टमध्ये (लागोपाठ काढलेल्या फोटोंत) बर्फाच्या तीन छटा मिळतात.

"नंतर कॉम्प्युटरवर उजळू" हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आधीच चढलेला असतो. सावल्या वर ओढल्या की चेहऱ्यांवर नॉईज (दाणेदारपणा) उठतो, आणि डोळे हरवलेल्या फोटोचं मग काही करता येत नाही. रिंकमधला उजेड सहसा बदलत नाही, म्हणून खेळाडू वॉर्म-अप करत असतानाच मी कॅमेरा मॅन्युअलवर नेतो. मीटर बर्फावर धरून त्याच्या सांगण्यापेक्षा एक-सव्वा स्टॉप जास्त एक्सपोजर ठेवतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, बर्फ उजव्या कडेजवळ यावा, कडेला चिकटू नये. व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनची सेटिंग) त्याच बर्फावरून घेतो. एवढं झालं की सामना संपेपर्यंत लक्ष फक्त खेळावर.

लागोपाठच्या फ्रेम्समध्ये रंग किंवा उजेड बदलत असेल तर दोष दिव्यांच्या लुकलुकण्याचा असतो. 50 हर्ट्झच्या विजेवर काही दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

बाकीच्या, थोडक्यात

काचेमागून फोटो घेताना रबरी हूड काचेला टेकवा आणि लेन्स सरळ धरा. तिरकं धरलं की फोटो मऊ पडतो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, तो उजेडही खातो आणि प्लास्टिकच्या पॅनलवर रंगांचे पट्टेही आणतो.

फ्लॅश नको. खेळाडूच्या डोळ्यांवर येतो.

थंड रिंकमधून उबेत जाण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बॅग उघडू नका. फोटो बघायच्या घाईत गार कॅमेऱ्याची लेन्स उबेत काढणारे लोक मी पाहिले आहेत. दमट हवा असेल तर दव थेट सेन्सरवर धरतं.

भर दुपारी धावपट्टीवरून वाफाळणाऱ्या हवेत लांबचं विमान लिबलिबीत दिसतं. महागडी लेन्सही इथे उपयोगाची नाही. सकाळी लवकर जा.

आणि विमानाजवळ जायची परवानगी मिळाली, तरी पंख्याच्या रेषेत उभं राहू नका, इंजिन बंद असलं तरीही. मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) चालू राहिला असेल तर हाताने हलवलेला पंखाही अचानक उसळून फिरू शकतो. मी पायलटला विचारल्याशिवाय विमानाच्या डाव्या-उजव्या पंखांच्या पुढे पाऊल टाकत नाही. समोरून फोटो हवा असेल तर लांब उभा राहून मोठी लेन्स लावतो.