समुद्री कादंबरीवर अभिप्राय लिहिताना

पॅट्रिक ओब्रायन यांच्या ‘मास्टर अँड कमांडर’वर अभिप्राय लिहिण्यापूर्वी आपण नेमके कुठे अडखळलो ते पान शोधावे, कारण दोर, शिडे आणि डोलकाठ्यांच्या नावांच्या भडिमाराने गांगरलेला वाचक बहुधा ‘भाषा अवघड आहे’ एवढेच लिहून मोकळा होतो. जहाजाचा गंधही नसलेला डॉक्टर स्टीफन मॅट्युरिन डोलकाठीवर चढतो आणि जहाजावरचा तरुण नाविक मोवेट त्याला एकेक दोर समजावून सांगतो, तो प्रसंग पुन्हा वाचावा. ती शिकवणी खरे तर आपल्यासाठीच आहे, आणि ती आपल्याला कितपत पचली हे प्रांजळपणे नोंदवावे. (मला दुसऱ्या वाचनातही निम्मीच पचली.)

इतिहास तपासताना ६ मे १८०१ची लढाई हाताशी ठेवावी. त्या दिवशी ब्रिटिश नौदल अधिकारी लॉर्ड कॉक्रेन यांच्या १४ तोफांच्या ‘स्पीडी’ या जहाजाने अवघ्या ५४ माणसांनिशी ३२ तोफांचे आणि ३१९ माणसांचे स्पॅनिश जहाज ‘गामो’ जिंकले. कादंबरीतील ‘काकाफुएगो’ या जहाजावरचा विजय त्यावरच बेतलेला असल्याने त्याला अतिरंजित ठरवण्याची घाई करू नये. त्या लढाईत कोण पडते, हे मात्र अभिप्रायात फोडू नये.