गाडी तापली होती? आधी डिपस्टिक काढा

जुनी गाडी एकदा सणकून तापली की नुसतं पाणी भरून, ती चालू झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. इंजिन पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडाल तर उकळतं पाणी थेट तोंडावर येईल) आणि आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल तपासायची पट्टी, काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. सेल्फही मारू नका, टो करून न्या. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय असेल तर लगेच घाबरू नका, मुंबईच्या पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती दमटपणानंही धरते.

ऑइल ठीक आहे? मग रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकण उघडंच ठेवून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा. सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे. ते थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेल्याचा दाट संशय.

आणि फ्रीवेवर तापमानाचा काटा जागेवर, पण सायनच्या ट्रॅफिकमध्ये चढतो, असं असेल तर हेड उघडायला परवानगी देण्याआधी रेडिएटरचा पंखा बघा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत तो फिरतो. नाही फिरला, तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच).