संगीताचं नवं वर्ष: पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

कॉलेज उघडलं की संगीताच्या वर्गात पहिल्या आठवड्यात एक आवाज हमखास ऐकू येतो, तो म्हणजे बसलेला आवाज. दीड-दोन महिने गावी गेलेली, लग्नकार्यांत रमलेली मुलं कॉलेजच्या चार दिवस आधी जागी होतात आणि रोज तीन-तीन तास गात सुटतात. सोमवारी वर्गात येतात तेव्हा मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) खरखरतो आणि तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ग ला) जाताना आवाज फाटतो. अनेक वर्षं गाणं शिकवताना मी हे दर जून-जुलैत पाहते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ही मुलं आळशी नसतात. त्यांना सगळं लवकर भरून काढायचं असतं, एवढंच.

नव्या वर्षाची तयारी म्हणजे नवे राग, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. पहिला महिना जुन्याचाच असावा. सुट्टीत गळ्यातून, कानातून, बोटांतून काय निसटलंय ते आधी शोधा. ते न शोधता पुढे गेलात तर ऑक्टोबरात परीक्षेच्या तोंडावर तेच आडवं येतं.

गळ्याला एकदम कामाला लावणं

पहिला आठवडा सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, बस. आकारात (‘आ’ म्हणत) लांब षड्ज, मग मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरत एकेक स्वर. खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज म्हणजे शक्य तितकं खाली दाबणं नव्हे. मंद्र पंचमापर्यंत आवाज गोल येत असेल आणि त्याखाली नुसती हवा येत असेल, तर पंचमावरच थांबा. दुसऱ्या आठवड्यात वेळ दुप्पट करा, अलंकार (स्वरांचे ठरावीक क्रम) घ्या. ताना (भराभर घेतलेले स्वरसमूह) तिसऱ्या आठवड्यात, त्याही आधी निम्म्या लयीत.

आवाज बसलाच तर त्यावरून गाणं रेटू नका. त्या दिवसांत बंदिशी ऐका, ताल हातावर मोजा, नोटेशन लिहा. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर आलं-मध चाटत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. स्वरतंतूंवर गाठी आहेत का, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, गुरुजींनाही नाही.

इथेच ढोल-ताशा पथकाबद्दल लिहायला हवं, कारण पुण्यातल्या मुलांच्या बाबतीत हा विषय दर वर्षी निघतो. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे सराव चालतो, आणि नेमके तेच आठवडे तुमच्या पहिल्या सत्राचे असतात. पथकात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, तो आनंद मोठा आहे. पण इअरप्लग लावल्याशिवाय ताशाशेजारी उभे राहू नका आणि त्या गोंगाटात ओरडून बोलू नका. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. तंबोऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार ज्या कानांनी ऐकायचा, ते कान आयुष्यभर पुरवायचे आहेत.

दुसऱ्याच्या पट्टीत गाणं

वर्गात मुलं-मुली एकत्र आणि तंबोरा एकच, त्यामुळे पट्टी (सा कुठल्या उंचीवर धरायचा ते) कुणाच्याच सोयीची नसते. कॉलेजात याला फारसा इलाज नाही. चूक होते ती घरीही त्याच पट्टीत गाण्यात, किंवा आवडत्या गायकाची पट्टी उचलण्यात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा आवाज अजून ठरत असतो. गेल्या वर्षी पांढरी दोन (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या सुराला सा) सोयीची होती म्हणून यंदाही असेलच असं नाही.

आपली पट्टी तपासायची एक साधी रीत आहे. मंद्र पंचम स्पष्ट लागला पाहिजे आणि तार मध्यमाला जाताना हनुवटी वर जायला नको. खाली दमछाक होत असेल तर अर्ध्या स्वराने चढवा, वर ओढाताण होत असेल तर उतरवा. काळी एक, काळी चार किंवा काळी पाच यांत मानापमान काही नाही.

मोबाइलचा तंबोरा आणि खरा तंबोरा

तंबोऱ्याचं अॅप सोयीचं आहे, हॉस्टेलवर तर दुसरा पर्यायही नसतो. पण ते मोबाइलच्या स्पीकरवर लावून गाणं ही चूक आहे, आणि त्यामागे कारण आहे. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. एवढा खालचा नाद तो इवलासा स्पीकर देऊच शकत नाही. तुम्हाला ऐकू येते ती वरची झणझण. पाया ऐकू येत नसला की गाणारा नकळत स्वर चढवतो. बरा ब्लूटूथ स्पीकर जोडा, आवाज मध्यम ठेवा. हेडफोन लावायचेच तर एक कान मोकळा सोडा, नाहीतर आपलाच आवाज ऐकू येत नाही.

घरी किंवा कॉलेजात खरा तंबोरा असेल तर आठवड्यातून दोनदा तरी तो स्वतः लावा. दोन वर्षं संगीत शिकून तंबोरा लावता न येणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आधी जोड (मधल्या दोन तारा, सा मध्ये), मग खर्ज, मग पहिली तार पंचमात (मारव्यासारख्या पंचम नसलेल्या रागाला निषादात, मालकंसाला मध्यमात). खुंटीने जवळ आणा, बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढा.

लावूनही तंबोरा बोलत नसेल तर क्रमाने पाहा. तारा गंजल्या आहेत का? बोट फिरवलं की खरखर लागते, अशा तारा सरळ बदला. घोडीवरचं (तारा टेकतात त्या पाटावरचं) सूत जागचं हललंय का? ते तारेखाली केसभर पुढे-मागे सरकवलं की एका जागी नाद अचानक उघडतो. तरीही तार ठोकल्यासारखीच वाजत असेल तर घोडीवर तारांनी चरे पाडलेत, म्हणजे जवारी काढून (घोडी पुन्हा घासून नीट करून) घ्यायला हवी. ते काम स्वतः कानस घेऊन करू नका. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारीचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घराणी तिथे आहेत. मात्र कॉलेज उघडल्यावर सगळेच दुरुस्तीला निघतात. एप्रिल-मेमध्ये वाद्य पाठवलेलं बरं.

पावसाळ्यात खुंटी फुगून अडकते. जोर लावला तर ती मोडते नाहीतर दांडीला तडा जातो. वाद्य कोरड्या खोलीत एक-दोन दिवस ठेवा, मग हलक्या हाताने फिरवा. उलट खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळा. तंबोरा बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, आणि गवसणी (वाद्याची खोळ) भिजली असेल तर ती आधी वाळवा. ओल्या गवसणीत गुंडाळलेला भोपळा बुरशीला आमंत्रण देतो.

तबल्याचं दुखणं वेगळं. चामडं ओलावा धरून सैल पडतं, स्वर उतरतो. म्हणून घाईने तबला उन्हात किंवा हीटरपुढे ठेवला की पुडी (वरचं चामडं) तडकते, शाई (मधला काळा गोल) सुटायला लागते. घरातच गवसणी काढून अर्धा तास राहू द्या, मग समोरासमोरच्या घरांत (वाद्यांमधल्या जागांत) गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हलके ठोके द्या. पेटीचे सूरही (आतल्या धातूच्या पट्ट्या) दमटपणात गंजतात, म्हणून रोज दहा मिनिटं का होईना, भाता हलू द्या.

राग आठवतोय असं समजणं

वही मिटा, तंबोरा लावा आणि भूप रागाची दहा मिनिटं आलापी करा. ही परीक्षा मी प्रत्येकाला घ्यायला लावते. पाच स्वरांचा सोपा राग म्हणून मुलं भूपाकडे दुर्लक्ष करतात आणि सुट्टीनंतर तोच हातातून सुटलेला असतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आलाप धैवतावर (ध वर) रेंगाळायला लागतो आणि भूप गाता गाता देशकार हा दुसराच राग सुरू होतो.

दोन्हींचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत, राग संध्याकाळचा. देशकारात वादी धैवत, संवादी गंधार, राग सकाळचा. पण वादी-संवादी पाठ असून हे दुखणं बरं होत नाही, ते गळ्यात उतरावं लागतं. उपाय म्हणजे आलाप पूर्वांगातच (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) अडवून धरा. ‘सा ध़ सा रे ग’ असं मंद्र धैवताला स्पर्श करून गंधारावर या आणि तिथे थांबा. पुन्हा, पुन्हा, निराळ्या वाटांनी गंधारावरच या. पहिली पाच मिनिटं मध्य धैवतावर मुक्काम नाही. आठवडाभर असं गायलात की वर गेल्यावरही ओढ गंधाराकडेच राहते. मग वेगळ्या दिवशी सकाळी देशकार घ्या आणि धैवतावर उभे राहून पाहा. फरक तुमचा तुम्हाला ऐकू येईल.

विलंबितात सम हुकणं

विलंबित म्हणजे संथ लय. घरी अॅपवर बारा मात्रांचा एकताल ४० च्या लयीत (मिनिटाला ४० मात्रा) लावलात तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, १८ सेकंदांचं होतं. वर्गात तबलजी चार सेकंदांची मात्रा धरतात, म्हणजे आवर्तन ४८ सेकंदांचं. घरी बरोबर येणारी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) वर्गात हुकते, ती यामुळे. लय १५ वर आणा. जड वाटेल, तरी आणा.

आणखी एक फसवी जागा आहे. एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. पहिलं ऐकूनच मुलं मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी ओळ) उचलतात आणि सहा मात्रा आधी समेवर येतात. पहिल्याच्या पुढे ‘तू ना’ येतं, दुसऱ्याच्या पुढे ‘धी ना’ आणि मग सम. गाणं बाजूला ठेवून तीन दिवस नुसता ठेका (तबल्याचे तालाचे बोल) ऐका आणि ‘कत्’ आला की बोट उचला. त्या सातव्या मात्रेची खूण कानात बसली की घाबरायला होत नाही.

वह्या आणि रेकॉर्डिंग

शिकवणी रेकॉर्ड करायची तर आधी विचारा. मग त्याच रात्री फाइलला राग, ताल आणि तारीख द्या. मोबाइलमधल्या बिननावाच्या तीनशे फाइली कुणी पुन्हा ऐकत नाही.

नोटेशन (स्वरलेखन) कोणत्या पद्धतीचं आहे ते पानावरच लिहा. भातखंडे पद्धतीत स्वरावरचं टिंब तार सप्तकाचं, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं. समेची खूण एकीकडे ×, दुसरीकडे १. गुरुजींकडे एक पद्धत आणि कॉलेजात दुसरी असेल तर वहीत सरमिसळ होते आणि मार्चमध्ये आपलंच लिहिलेलं आपल्याला लागत नाही. कॉलेजातलं रागरूप आणि गुरुजींकडचं रागरूप वेगळं असेल तर तेही दोन रकाने करून लिहा. दोन्ही ठिकाणी वाद घालण्यापेक्षा, कुणी कुठला स्वर का टाळला ते विचारा. पेपरात लिहिण्यासारखं सगळ्यात चांगलं तिथेच मिळतं.

परीक्षांच्या तारखा

विद्यापीठाच्या सत्रपरीक्षेबरोबर पुष्कळ जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही देतात. मंडळाची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी असतात, म्हणजे कॉलेजच्या परीक्षांना अगदी खेटून. मंडळाच्या विशारद परीक्षेचा फॉर्म मित्रांबरोबर भरून टाकण्याआधी दोन्ही अभ्यासक्रमांतले राग शेजारी-शेजारी मांडा. निम्मे राग सामायिक असतील तर खुशाल भरा. दोन-तीनच जुळत असतील तर फॉर्म पुढच्या सत्रात भरा, आणि ते घरी आत्ताच सांगून ठेवा.