'क्लोर' दिसलं की आधी काय विचारायचं: लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

पेडणे, डिचोली, सत्तरीकडची बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून करतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. बी.एस्सी.ला किंवा लॅब टेक्निशियनच्या कोर्सला पोचेपर्यंत इंग्रजी शब्दांची भीती गेलेली असते. एक खोड मात्र राहते: नाव सारखं दिसलं की वस्तूही सारखीच समजायची. क्लोरीनच्या गोतावळ्यात ही खोड महागात पडते. माझी सुरुवात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली, आता हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री विभागात आहे. दोन्हीकडे नव्या मुलांना मी एवढंच सांगत आले. यात क्लोरीन आहे का? असेल तर कसा आहे: मोकळा वायू, क्लोराइड आयन, ऑक्सिजनला जोडलेला, की कार्बनला घट्ट बांधलेला? याचं उत्तर आलं की शब्दांच्या याद्या पाठ करायची गरज फारशी उरत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट न्यायला माणसं येतात, क्लोराइडचा आकडा बघतात आणि विचारतात, "बाय, आमच्या बावडीत एवढं क्लोरीन टाकलं कुणी?" कुणीच टाकलेलं नसतं. ते मीठ आहे, उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी जमिनीतून आत सरकलं की वाढतं. क्लोराइड जंतू मारत नाही. जंतू मारतो तो 'रेसिड्युअल क्लोरीन', म्हणजे क्लोरीन टाकल्यावर पाण्यात कामाला शिल्लक उरलेला भाग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) दोघांच्या ओळी वेगळ्या आहेत. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. मोकळा रेसिड्युअल क्लोरीन मात्र किमान ०.२ मिलिग्रॅम असायलाच हवा. एकाला वरची मर्यादा, दुसऱ्याला खालची. या दोन ओळींची अदलाबदल झाली तर रिपोर्टचा अर्थच उलटा होतो.

तपासायची रीतही वेगळी. क्लोराइडला ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट, सूचक म्हणून पोटॅशियम क्रोमेट, आणि विटकरी रंगाची पहिली झाक दिसली की थांबायचं. सँपल आठवडाभर बाटलीत राहिलं तरी आकडा तोच येतो. रेसिड्युअल क्लोरीन उन्हात आणि वेळेबरोबर उडून जातो, म्हणून डीपीडीची गोळी नळापाशीच टाकायची आणि गुलाबी रंग तिथंच जुळवायचा. ऑर्थोटोलिडीनची पिवळा रंग देणारी जुनी किट कुणी हातात दिली तर वापरू नका, ते रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. डीपीडीचा आणखी एक फायदा असा की पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर 'कंबाइंड' क्लोरीनही कळतो, म्हणजे अमोनियाशी जुळून झालेली क्लोरामाइन्स. पिण्याच्या पाण्यात ती थोडी असली तर बिघडत नाही. डायलिसिसच्या पाण्यात मात्र ती थेट रक्ताशी गाठ घालतात आणि तांबड्या पेशी फोडतात. तिथं एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. डायलिसिस युनिटमध्ये नोकरीला लागणाऱ्यांनी क्लोरीन शोषून घेणाऱ्या कार्बन टाकीनंतरची ही तपासणी कधीही उद्यावर टाकू नये.

पाण्याच्या लॅबमधून हॉस्पिटलमध्ये आलेला माणूस पहिल्यांदा एककाशी अडखळतो. रक्तातलं क्लोराइड साधारण ९८ ते १०६ मिलिमोल प्रति लिटर (प्रत्येक लॅबची छापील मर्यादा थोडी इकडेतिकडे). १०० मिलिमोलला क्लोरीनच्या अणुभारानं, म्हणजे ३५.५ ने गुणलं की लिटरला ३५५० मिलिग्रॅम होतात. म्हणजे ज्या विहिरीला आपण खारी म्हणून नापास करतो, तिच्यापेक्षा आपलं रक्त खारं.

हा आकडा एकटा वाचायचा नसतो. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की अॅनायन गॅप मिळतो, म्हणजे न मोजलेल्या ऋण आयनांचा अंदाज. डॉक्टरला खरं तर तो हवा असतो. उलट्या झालेल्या पेशंटच्या पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडतं, क्लोराइड उतरतं आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. उलट सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढल्या की क्लोराइड चढतं, कारण 'नॉर्मल' म्हणवल्या जाणाऱ्या ०.९ टक्के सलाइनमध्ये ते १५४ मिलिमोल असतं. माझ्या मते हे नाव बदलायला हवं होतं, पण आता कोण बदलणार? घामातल्या क्लोराइडची तपासणी कमी येते, तरी माहीत हवी: ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसचा दाट संशय. या आजारात पेशीच्या आवरणातली क्लोराइड ने-आण करणारी वाटच बिघडलेली असते. तिचं जनुक १९८९ मध्ये सापडलं.

आता ऑक्सिजनला जोडलेला क्लोरीन, म्हणजे हायपोक्लोराइट. लादीवर रक्त सांडलं की आपण जे ओततो तेच. ते आम्लाबरोबर कधी नको, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. संडास धुवायचं आम्ल आणि ब्लीच एकाच बादलीत घालणारे महाभाग अजून भेटतात! दंतवैद्यकाच्या मुलांनी लक्षात ठेवावं की हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडीन पाठोपाठ वापरले तर नारिंगी-तपकिरी गाळ बसतो. मध्ये धुऊन घ्यावं लागतं. दोघंही जंतुनाशक, दोघांतही क्लोरीन, पण क्लोरहेक्सिडीनमधला क्लोरीन कार्बनच्या कड्याला बांधलेला आहे, तो ब्लीचसारखा वागत नाही.

हायपोक्लोरस आम्ल आपल्या पांढऱ्या पेशीही तयार करतात. मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड घेऊन ते बनवतं आणि जंतूंवर सोडतं. हे एन्झाइम हिरवट असतं. रक्ताच्या कर्करोगाशी संबंधित एका गाठीला 'क्लोरोमा' म्हणतात ते याच हिरव्या झाकेमुळं, क्लोरीनमुळं नव्हे. इथं 'क्लोरो' म्हणजे हिरवा; क्लोरोफिल, क्लोरोप्लास्ट, क्लोरेला हीसुद्धा याच हिरव्या घराण्यातली. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, क्लोरीनचा अणू एकही नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रोजेक्टवर जाणाऱ्यांना दोन्ही घराणी भेटतात. समुद्राच्या पाण्याची क्लोरिनिटी म्हणजे हॅलाइडचा (क्लोराइड, ब्रोमाइड वगैरेंचा) हिशेब, तिला १.८०६५५ ने गुणून पूर्वी सॅलिनिटी काढत, आता ती विद्युतवाहकतेवरून काढतात. त्याच बाटलीतलं पाणी गाळून 'क्लोरोफिल-ए' मोजतात ते प्लवकांचं प्रमाण कळायला.

वेर्णेच्या औषध कंपन्यांत क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) इंटरव्ह्यूला जाणार असाल तर घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून बसा. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड: क्लोरीन फक्त क्षाराच्या रूपात, पाण्यात गेला की आयन होतो. क्लोरफेनिरामाइन मॅलिएट: क्लोरीन फक्त कड्यावर. सेटिरिझिन डायहायड्रोक्लोराइड: दोन्हीकडे. तिघांची द्रावणं करून नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं तर पांढरा साका कुठं येईल, हा प्रश्न मी नव्या मुलांना विचारते. पहिल्यात आणि तिसऱ्यात येतो, मधल्यात नाही. बहुतेक जण तिन्ही म्हणतात, आणि मग मी त्यांना रचनेचं चित्र काढायला कागद देते.