करी जमिनीत भात घेताना

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, सासर केरळात वैक्कमजवळ. पाण्यातली शेती मला नवी नव्हती, पण तिथल्या कुट्टनाड या सखल पट्ट्यातली ही 'करी' जमीन निराळीच निघाली. करी म्हणजे कोळसा. लाकूड-पाला कुजून झालेली काळी दलदल, तीही समुद्रसपाटीच्या खाली. नांगराला अजून जुन्या झाडांचे काळे ओंडके लागतात.

सगळ्यात आधी हे ध्यानात ठेवा: ही जमीन वाळू द्यायची नाही. तिच्या पोटात लोह-गंधकाचं खनिज आहे. ओलं आहे तोवर ते निपचित असतं. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. एका उन्हाळ्यात आम्ही शेत रिकामं ठेवलं, भेगा पडल्या. पुढच्या पेरणीला पाण्यावर तांबूस तवंग आला, मुळांवर तांबडी पुटं चढली आणि रोपं पिवळी पडून बसली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांध लिंपून पंपाने पाणी काढतात. हे एकट्याचं काम नाही. पाडशेखरम म्हणजे एका बांधातली सगळी शेतं, त्यांच्या शेतकऱ्यांची समिती दिवस ठरवते. पाणी काढलं की पुन्हा घ्या, दोन दिवस ठेवा, सोडा. असं दोन-तीनदा केलं की आंबटपणा धुऊन जातो. चरांत मात्र पाणी राहू द्या. माझे सासरे चिमूटभर चिखल जिभेवर ठेवून बघतात. माहेरी आबाही बघायचे. त्यांना खारट लागायचं, इथे आंबट लागतं. तुम्ही लिटमस कागद वापरा.

चुना हेक्टरी 600 किलो: 350 पहिल्या नांगरटीला, 250 पेरणीनंतर महिन्याने. दुसरा हप्ता लोक टाळतात, तिथेच पीक जातं. चुना आणि खत एकत्र टाकू नका, आठवडाभर अंतर ठेवा. बियाणं आम्ही मंकोम्बूच्या भात संशोधन केंद्राचं 'उमा' वाण घेतो.

फेब्रुवारी-मार्चात कापणी झाली की पाणी भरून रोहू-कटला सोडा. 'ओरु नेल्लु, ओरु मीन', एक भात, एक मासा, ही इथली रीत. मासे तण नि किडे खातात, त्यांची विष्ठा खताला होते, आणि जमीन ओली राहते. भाताचे पैसे हाती यायला वेळ लागतो. मासळीचे रोख येतात, त्यातूनच पुढच्या हंगामाचा चुना आणि पोरांच्या वह्या. समुद्रपातळीखालच्या या शेतीला अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला, तो या एकत्र बांध राखण्यालाच आहे असं मी मानते.

मासे धरायच्या दिवशी आमच्या घरून पहिली टोपली जाते ती पंपावर रात्र जागणाऱ्याकडे.