बुधवारच्या रश्श्याची तयारी

कामावरून आल्यावर पाऊण तासात झणझणीत चिकन रस्सा ताटात हवा असेल, तर वाटण आदल्या रात्रीच भाजून ठेवायचं. बाकी कशातही काटकसर करा, भाजण्यात नको. कच्चा कांदा आणि पांढरं खोबरं मिक्सरला फिरवून वरून दोन चमचे चटणी जास्त मारली की रंग येतो, पण चव पाणचट ती पाणचटच.

त्याआधी वार बघा. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार वशाट, म्हणजे मांसमच्छी, चालत नाही. ज्यांच्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं आहे, त्यांचे मंगळवार-शुक्रवारही जातात. रविवार सोडला तर उरतो बुधवार. आणि बुधवारी करायचं म्हणजे उरवायचं नाही, कारण उद्या गुरुवार. म्हणून चौघांना पाऊण किलो पुरे. पाहुणा आलाच तर रस्सा वाढवता येतो.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर दोन मोठे कांदे उभे चिरून थेंबभर तेलावर काळपट तांबूस होईपर्यंत परतून ठेवावेत. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, चमचाभर पांढरे तीळ आणि अर्धा चमचा खसखस कोरडीच भाजावी, पण वेगवेगळी. एकत्र टाकली तर खोबरं तांबूस होईतो खसखस करपते. त्यातच चार मिरी, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा. गार झालं की सगळं जाडसर वाटून डब्यात, डबा फ्रिजमध्ये. तीन दिवस काही होत नाही. आलं-लसूण मात्र वेगळं वाटावं, दहा-बारा पाकळ्या आणि बोटभर आलं, सोबत मूठभर कोथिंबीर काड्यांसकट. हे सगळं रात्रीच उरकण्याचं आणखी एक कारण म्हणजे लाईट. ऐन संध्याकाळी ती गेली की मिक्सर गप्प आणि पोरं भुकेली.

चटणीचा डबाही रात्रीच उघडून बघा. उन्हाळ्यात कांडपावरून कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी तळाला गेली असेल, तर दुकानातून ब्याडगी आणि संकेश्वरी अशी दोन्ही तिखटं थोडी थोडी आणावीत. ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती रंगाला. झणका हवा तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली संकेश्वरी. नुसत्या ब्याडगीचा रस्सा दिसतो जहाल आणि लागतो गुळमुळीत. नुसत्या संकेश्वरीचा खाणाऱ्याला रडवतो. पाऊण किलोला एक चमचा ब्याडगी आणि अर्धा चमचा संकेश्वरी एवढं ठेवा. चटणीच असेल तर दोन चमचे भरून, आणि मग मीठ हात राखून, कारण चटणीत ते असतंच.

चिकन बुधवारी येताना घ्यावं, ब्रॉयलरच. गावरान कोंबडी रविवारची. तिला शिजायला वेळ लागतो आणि तो वेळ आज आपल्याकडे नाही. तुकडे मध्यम सांगा, हाडासकट. बोनलेसचा रस्सा म्हणजे मसाल्याचं पाणी. नळाखाली धरून धुवू नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावं आणि नंतर ओटा पुसून घ्यावा. हळद, मीठ आणि अर्धं आलं-लसूण चोळून ठेवलं की झालं. दह्यात तासभर मुरवण्याच्या भानगडीत आज पडायचं नाही.

आता खरी गोम शेगड्यांची, कारण त्या दोन आणि चढवायची भांडी चार. घरात शिरताच तांदूळ धुऊन लहान शेगडीवर कुकर लावा. मोठ्या शेगडीवर पातेल्यात दोन चमचे शेंगतेल, थोडा चिरलेला कांदा आणि त्यावर चिकन. पाणी घालायचं नाही. वर खोलगट ताटली झाकून तिच्यात दोन तांब्ये पाणी ओता. चिकनला आपलंच पाणी सुटतं आणि ताटलीतलंही कढत होतं. दहा मिनिटांनी तेच पातेल्यात ओतायचं. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि पुन्हा येईतो ताटकळत बसावं लागतं. मांस हाडापासून सुटायला लागलं आणि आतला गुलाबीपणा गेला की शिजलं समजा. पाणी घातल्यावर साधारण पंधरा मिनिटं.

मसाला पडायच्या आत लहानग्यांसाठी दोन वाट्या अळणी, म्हणजे चिकनचं बिनमसाल्याचं पाणी, काढून ठेवा, चार तुकड्यांसकट. भातावर तेवढंच घातलं की त्यांचं जेवण होतं.

एव्हाना कुकर उतरलेला असतो. त्या शेगडीवर कढईत तीन चमचे तेल, उरलेलं आलं-लसूण, मग वाटण. कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. गॅस बारीक करून मग तिखट किंवा चटणी. मोठ्या आचेवर ती क्षणात करपते आणि सगळ्या घराला ठसका लागतो. लगेच डावभर अळणी मारून थांबवावं आणि सगळं चिकनच्या पातेल्यात ओतावं. कढईसुद्धा अळणीनेच विसळून घ्या. एक टोमॅटो चालेल, दोन नकोत, आंबटपणा मसाल्यावर चढतो. पाच-सात मिनिटं मंद उकळलं की वर लाल तवंग येतो. तो यायच्या आधी ढवळत बसू नका.

तोवर मोकळ्या शेगडीवर तवा तापत ठेवायचा. जोंधळ्याच्या पिठाला आधण लागतं, तेही ताटलीच्याच पाण्यातून थोडं बाजूला काढलं तर वेगळं भांडं अडत नाही. भाकरी जमणार नसेल तर भात आहेच. कांदा आणि लिंबू मात्र पानं मांडायच्या वेळीच चिरा.