८० टक्क्यांनंतर चार्जिंग का रेंगाळतं?

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून तेवढी वीज गाडीत जाईलच असं नाही. किती घ्यायची ते गाडीची बॅटरी यंत्रणा ठरवते. स्क्रीनवर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. त्यांचा गुणाकार करून हजाराने भागा. ३५० व्होल्ट, १०० अँपिअर म्हणजे ३५ किलोवॅट.

बॅटरी रिकामी असताना सेल भरपूर करंट झेलतात. भरत आली की सेलचा व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकतो. तरीही करंट रेटला तर लिथियम आत न मुरता सेलच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर धातूच्या थरासारखं साचतं, आणि ते नुकसान कायमचं. म्हणून यंत्रणा करंट उतरवत नेते.

हिशेब बघा. ४० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २८ युनिट लागतात; सरासरी ३० किलोवॅट मिळाले तर ५६ मिनिटं. उरलेले ८ युनिट सरासरी १२ किलोवॅटने भरले तर आणखी ४० मिनिटं! लांबच्या प्रवासात १०-१५ टक्क्यांवर पोचा, ८० ला गन (चार्जरचा प्लग) काढा. पुढचं चार्जर लांब असेल तर गोष्ट वेगळी.

३० टक्क्यांवरच वेग पडला? आधी शेजारची गन बघा; बऱ्याच चार्जरवर दोन गाड्यांत वीज वाटली जाते. नाहीतर बॅटरी खूप तापलेली किंवा गार असेल.

घरच्या ३.३ किलोवॅटवर हा फरक जवळजवळ जाणवतच नाही.